रिकामी कॉर्ड

विभावरीवहिनी फोन उचलल्यावर आजही 'हॅलो' म्हणत नाहीत. 'जी, बोलिए' म्हणतात आणि मग समोरच्याला बोलू देतात. बावीस वर्षं त्या जबलपूरच्या ट्रंक एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होत्या, त्याची ही सवय. त्या काळी परगावी बोलायचं तर कॉल आधी बुक करावा लागे आणि तो लागेपर्यंत घरातलं कोणी फोनपासून हलत नसे. वहिनींसमोर मोठा बोर्ड असे, त्यात ओळीनं भोकं. दोरीसारखी वायर एका भोकात घातली की जबलपूरचा माणूस नागपूरच्या माणसाशी बोलू लागे. त्या वायरीला कॉर्ड म्हणत. बोलणं संपलं की कॉर्ड लगेच काढायची, हा तिथला पहिला नियम. रिकामी कॉर्ड बोर्डावर राहिली तर एक लाइन फुकट अडते आणि कुठेतरी कुणीतरी ताटकळत बसतं.

हा नियम मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकला होता, की त्या रविवारी तो मला चुकीचा वाटलाच नाही.

मी फॅक्टरीच्या स्टोअरमध्ये छत्तीस वर्षं काढली. वहिनींचे यजमान चंद्रशेखर माझ्याच सेक्शनला होते. जबलपूरच्या अधारताल भागात आमची घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर. चंद्रशेखर बोलका, मी त्याच्या शेजारी उभा राहून मान हलवणारा. त्याच्या लग्नाची गोष्ट तो चहाच्या सुट्टीत नेहमी सांगायचा. नागपूरला त्याची आई आजारी होती. कॉल लागला, ठरलेली तीन मिनिटं संपली, मध्येच ऑपरेटरचा आवाज आला, 'तीन मिनट हो गए.' याला रडू आवरेना. मग तोच आवाज हळूच मराठीत म्हणाला, 'बोला तुम्ही. मी काही ऐकत नाही.' वर्षाच्या आत त्यानं त्या आवाजाशी लग्न केलं. पुढे घरात त्याचं बोलणं लांबलं, की वहिनी स्वयंपाकघरातून ओरडायच्या, 'तीन मिनिटं झाली!' आणि आम्ही सगळे हसायचो.

चंद्रशेखर जाऊन बारा वर्षं झाली. अभिराम, त्यांचा एकुलता एक मुलगा, जाऊन तीन.

अभिराम मेलबर्नला कॉम्प्युटरच्या कामात होता. बायको प्रणोती, मुलगी दुर्वा. आजार निघाला तेव्हा दुर्वा सहा वर्षांची होती. शेवटच्या महिन्यांत त्यानं घरी पडल्या पडल्या एक खेळ बनवला. आपला अष्टा-चंग. पंचवीस घरं, फुल्या, कवड्या, सोंगट्या, सगळं हुबेहूब. लहानपणी तो आणि वहिनी फरशीवर खडूनं घरं आखून खेळायचे तोच. एक सोंगटी जबलपूरला हलवली की मेलबर्नला हलायची. दुर्वाला मराठी कळतं पण बोलता येत नाही, आणि वहिनींना तिचं इंग्रजी कळत नाही. व्हिडिओवर दोघी 'हाय आजी', 'जेवलीस का बाळा' म्हणायच्या आणि मग एकमेकींकडे पाहत बसायच्या. म्हणून त्यानं खेळात बटणं ठेवली होती. 'लुटलं!', 'अरे देवा!', 'पुन्हा टाक!' एकीनं दाबलं की दुसरीकडे ते उमटायचं, इंग्रजी अक्षरांतही. खाली पाळी कुणाची ते लिहून यायचं. 'दुर्वाची पाळी.' 'आईची पाळी.' त्यानं आपल्या आईसाठी बनवला होता, त्यामुळे 'आई' असंच लिहिलं होतं. दुर्वाला ते फार गमतीचं वाटायचं. ती वहिनींना आई-आजी म्हणायची.

दीड वर्षापूर्वी प्रणोतीनं दुसरं लग्न केलं. वहिनींनीच तिला सांगितलं होतं, कर म्हणून. पण त्यानंतर वहिनी त्या घरी फोन करायला कचरू लागल्या. रविवारचा खेळ तेवढा राहिला. आपले सकाळचे साडेनऊ, त्यांचे दुपारचे दोन. नात आणि आजी यांच्यात दुसरं काही उरलं नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं.

मी रविवारी तिथे जाऊन बसायचो, कारण कॉम्प्युटर मध्येच इंग्रजीत काहीतरी विचारायचा. स्टोअरमध्ये मी इंग्रजी फॉर्म भरायचो, म्हणून वहिनींचा समज होता की मला इंग्रजी येतं. माझी बायको शकु म्हणायची, "निघाले इंजिनिअर साहेब! घरचा पंखा महिनाभर कुरकुर करून राहिला, तो दिसत नाही."

ऑगस्टमध्ये खेळ अडखळायला लागला. कॉम्प्युटरनं आपणहून काही नवं भरून घेतलं होतं, दोनदा बंद होऊन चालू झाला होता, आणि तेव्हापासून दर पाचसात मिनिटांनी सोंगटी अर्ध्या वाटेत थांबायची. 'जोडणी नाही' असं यायचं. थोड्या वेळानं पुन्हा सुरू. दुर्वा तिकडून 'अरे देवा! अरे देवा!' दाबत राहायची.

"काहून थांबते हे?" वहिनी म्हणाल्या.

"नेट कमी असेल."

"नेट तर भरपूर आहे. सकाळी भजनं ऐकली मी पूर्ण. लाइन कुठेतरी सुटून राहिली, भाऊजी. एक्सचेंजमध्ये असंच व्हायचं."

आठवडाभर मी फोनवर याबद्दल वाचलं आणि वहीत उतरवून घेतलं. कॉम्प्युटरला नेटशी जोडणारं एक कार्ड असतं, त्याला अडॅप्टर म्हणतात. कधी कधी एकापेक्षा जास्त अडॅप्टर असतात आणि खेळ गोंधळतो, कुठून बोलावं ते त्याला कळत नाही. अशा वेळी न लागणारे अडॅप्टर बंद करावेत. असं लिहिलं होतं. मला ते पटलं. खरं म्हणजे पटलं की नाही मला सांगता येणार नाही. लिहिलं होतं म्हणून मी मानलं.

पुढच्या रविवारी साडेआठलाच गेलो. वहीत बघून ती यादी उघडली. दोन अडॅप्टर होते. एक वायफायचं. दुसऱ्याचं नाव लांबलचक, आणि त्यावर लाल फुली. खाली लिहिलं होतं, केबल जोडलेली नाही.

"हे काय आहे?" वहिनींनी विचारलं.

"दुसरं कार्ड दिसतं. त्याला काही जोडलेलं नाही."

"काहीच नाही?"

"तसं लिहिलं आहे."

वहिनी हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्या. "मग रिकामी कॉर्ड आहे ती! हीच अडवून राहिली लाइन. काढा ती, भाऊजी."

मी त्यावर उजवं बटण दाबलं. दोन शब्द समोर आले, 'डिसेबल' आणि 'अनइन्स्टॉल'. दोन्हींचा अर्थ माझ्या मनात एकच झाला, काढणे. वहीत कोणता लिहिला होता ते मी पाहायला हवं होतं. वही मांडीवरच होती. पण वहिनी शेजारी खुर्ची ओढून बसल्या होत्या, घड्याळात नऊ वीस झाले होते, आणि त्यांच्यासमोर वहीची पानं उलटायची मला लाज वाटली. मी दुसरा शब्द दाबला. कॉम्प्युटरनं एक लांब वाक्य विचारलं. त्याचा अर्थ असा होता, की हे यंत्रातून कायमचं जाईल, तुमची खात्री आहे का.

"काय म्हणतो तो?"

"काढू का, म्हणतो."

"अहो, तेच तर सांगून राहिले मी. काढा."

मी काढलं. लाल फुली गेली. यादीत एकच नाव राहिलं, स्वच्छ. वहिनी म्हणाल्या, "आता कसा साफ बोर्ड झाला!" साडेनऊला खेळ उघडला. 'जोडणी नाही.' पावणेदहाला तेच. साडेदहाला तेच. मधून जुळायचं तेही आता बंद झालं. वहिनींनी प्रणोतीला मेसेज केला, आज नेट खराब आहे, पुढच्या रविवारी खेळू. तिकडून अंगठा आला.

त्या आठवड्यात मी रोज जाऊन काहीतरी केलं. वायफायचा डबा बंद करून चालू केला, वायर बदलली, कॉम्प्युटर उघडून झटकला. मनात कुठेतरी मला कळलं होतं, की ज्या क्षणी मी ते काढलं त्या क्षणीच बिघडलं. पण हे मी म्हटलं नाही. मी म्हणत राहिलो, "होईल." दुसऱ्या रविवारीही झालं नाही. पुन्हा मेसेज, पुन्हा अंगठा. तिसऱ्या रविवारी वहिनींनी फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. "दर रविवारी तेच ते काय सांगायचं? त्यांना वाटेल, म्हातारी कामाला लावून राहिली." त्या रविवारी मेसेज गेला नाही. चौथ्याही नाही.

सोमवारी आम्ही तो कॉम्प्युटर ऑटोत मांडीवर घेऊन राइट टाउनला एका दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदार पन्नाशीचे, बोलायला शांत. त्यांनी बराच वेळ खेळाच्या आतल्या फायली पाहिल्या.

"माताजी, ये तो किसी ने हाथ से बनाया है."

"हाँ भैया."

"बहुत सफ़ाई से बनाया है. देखिए, इसमें एक नकली कार्ड था. नकली मतलब सॉफ़्टवेयर का. दोनों घर उसी पर जुड़ते थे. खेल खुलता तो कार्ड चालू, खेल बंद तो कार्ड ख़ाली दिखता. ये किसी ने अनइन्स्टॉल कर दिया है."

मी काउंटरवरच्या काचेकडे पाहत होतो.

"डिसेबल किया होता तो एक क्लिक में लौट आता," ते म्हणाले. "किसने किया?"

"मैंने," वहिनी म्हणाल्या.

मी तेव्हाही बोललो नाही.

दुकानदारांनी आणखी एक गोष्ट दाखवली. खेळ मुळात अडखळत होता तो वायफायच्या खऱ्या कार्डामुळे. वीज वाचवायला कॉम्प्युटर त्या कार्डाला मधून मधून झोपवत होता. नवं भरून घेतलं तेव्हा ती सेटिंग आपोआप चालू झाली असावी. एका चौकोनातली खूण काढायची होती. त्यांनी ती काढली. एवढंच करायचं होतं आम्हाला ऑगस्टमध्ये. एक खूण.

मग त्यांनी नकली कार्डाचा प्रोग्रॅम पुन्हा घातला. "लीजिए, हो गया. लेकिन नंबर नया मिला है. सामनेवाले के कंप्यूटर में पुराना नंबर लिखा होगा, वो आपको पुराने पर ढूँढ रहा है. जिसने बनाया है उसी को बोल दीजिए, दो मिनट का काम है उसका."

वहिनींनी पर्स उघडली. मग म्हणाल्या, "वो बाहर है."

दुकानदारांनी नंबर वाचून दाखवला. वहिनींनी पर्समधून पेन काढलं आणि ऑपरेटर लिहायच्या तसा एकेक आकडा सुटा लिहिला, मग परत वाचून खात्री करून घेतली. 'दो, पाँच, एक, एक, चार.' आवाज अगदी तसाच होता, 'तीन मिनट हो गए' म्हणणारा. दुकानदार मान वर करून पाहायला लागले.

नंबर मिळाला. आता तो प्रणोतीला सांगायचा होता. तिनं ती फाइल उघडून जुन्या नंबरच्या जागी नवा लिहायचा. वहिनी आठवडाभर मेसेज लिहीत होत्या. लिहायच्या, मला दाखवायच्या, पुसायच्या.

"फोनच करा की," मी म्हटलं.

"आणि काय सांगू? अभिरामनं बनवलेली फाइल उघड म्हणून? नवा संसार आहे तिचा. त्या घरात किती वेळा त्याचं नाव काढायचं, भाऊजी?"

त्यांना हे म्हणायचा हक्क होता. मला मात्र प्रणोतीला फोन करता आला असता. चूक माझी होती, मी सांगितलं असतं तर संकोच माझा झाला असता, त्यांचा नाही. तिचा नंबर मी फोनमध्ये काढला होता. शकु म्हणाली, "लावा न फोन. खाऊन थोडीच टाकणार ती?" मी म्हटलं, उद्या लावतो.

पाचवा रविवारही असाच गेला. त्यानंतरच्या मंगळवारी वहिनींनी मेसेज पाठवला. बुधवारी उत्तर आलं. ते मला वाचायला लावलं, कारण इंग्रजीत होतं. मी मराठीत सांगत गेलो. या वेळी एकही शब्द वाचताना सोडला नाही, आणि तेच फार जड गेलं.

प्रणोतीनं लिहिलं होतं: आई, तुम्ही आधी का नाही सांगितलं? दुर्वा दोन रविवार मेसेज आल्यावरही कॉम्प्युटरपुढे बसली, तिसऱ्या रविवारी मेसेज आला नाही तरी बसली. चौथ्या रविवारी तिनं विचारलं, आजीला आता माझ्याशी खेळायचं नाही का? मी म्हटलं, आजी थकली असेल. मागच्या आठवड्यात आम्ही घर बदललं. तो जुना कॉम्प्युटर चालत नाही असं समजून जुन्या सामानात देऊन टाकला. खेळ त्यातच होता. मला माहीत असतं तर कधीच दिला नसता. खरंच सॉरी. दुर्वाकडे आता टॅब आहे, त्यावर लूडो आहे, तुम्ही तो घ्या न.

वहिनी म्हणाल्या, "तिसऱ्या रविवारी बसली होती?"

"हो."

"मेसेज नसताना?"

"हो."

दुकानदारांना विचारलं. ते म्हणाले, खेळ वहिनींच्या कॉम्प्युटरवर आहे खरा, पण तो टॅबवर चालणारा नाही. त्याच्यासाठी सगळा नव्यानं बनवावा लागेल, आणि हाताचं काम दुसऱ्याच्या हाताला लवकर समजत नाही.

लूडो घेतला. एका रविवारी दोघी खेळल्या. त्यात आणखी दोन अनोळखी माणसं आपोआप येऊन बसली, कुठली कोण जाणे. रंगीत चेहरे उड्या मारत होते. वहिनी त्यात 'लुटलं' शोधत राहिल्या. दुर्वानं दोन डाव खेळून इंग्रजीत लिहिलं की तिला पोहायला जायचं आहे. त्यानंतरच्या रविवारी ती आली नाही. रविवारी दुपारी आता पोहण्याचा वर्ग असतो, असं प्रणोतीनं कळवलं. मुलीचा काही दोष नाही. नऊ वर्षांच्या मुलीनं किती रविवार बसायचं?

दिवाळी झाल्यावर एकदा मी वहिनींना सांगितलं. चहाचा कप हातात होता, तो खाली ठेवून सांगितलं. म्हटलं, "वहिनी, तिथे दोन शब्द होते. एकानं ते नुसतं बंद झालं असतं. मी दुसरा दाबला. आणि ते कायमचं जाईल असं तो विचारत होता. मी तुम्हाला नीट वाचून दाखवलं नाही."

रागावतील तर बरं, असं मला वाटत होतं.

"मी 'काढा' म्हणाले न," त्या म्हणाल्या.

"हो. पण..."

"बोर्डावरची कॉर्ड काढली, भाऊजी, की ती खाली आपल्या जागी जाऊन बसते. पुन्हा हवी तर हात घातला की हातात येते. बावीस वर्षांत हजारो काढल्या मी. काढलेली कॉर्ड नाहीशी होते, हे मला कसं कळावं?" मग म्हणाल्या, "पण तुम्ही तेव्हा सांगायला हवं होतं. त्याच दिवशी सांगितलं असतं तर पहिल्याच आठवड्यात दुकानात गेलो असतो."

"हो."

"दुर्वाचा कॉम्प्युटर तेव्हा होता."

"हो, वहिनी."

"अच्छा," त्या म्हणाल्या आणि कप उचलून आत गेल्या. मला वाटलं, आता रविवारी येऊ नका असं सांगतील. ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, त्यामुळे जातो अजून. माफ केलं की नाही हे मला माहीत नाही. नसेल केलं, असंच मी धरून चालतो.

रविवारी साडेनऊला त्या खेळ उघडतात. नकली कार्ड आता ठणठणीत आहे, वर हिरवा दिवा लागतो, काही अडखळत नाही. फक्त पलीकडे कोणी नाही. पटावर ऑगस्टमधला डाव तसाच आहे. वहिनींच्या दोन सोंगट्या मधल्या घरात पोचलेल्या, दुर्वाची एक फुलीवर, आणि तिला एक चंग, म्हणजे चार पडले, तर ती वहिनींची तिसरी सोंगटी लुटू शकते. खाली लिहिलेलं आहे, 'दुर्वाची पाळी.' गल्लीतून भाजीवाला जातो. शकुनं पाठवलेला डबा मी टेबलावर ठेवतो.

दहा वाजले की वहिनी म्हणतात, "चलो. तीन मिनिटं झाली."

मग मी खेळ बंद करतो, ते काम माझं. बंद करताना तो विचारतो, खेळ सोडायचा का? हा प्रश्न अभिरामनं मराठीत लिहिला आहे, त्यामुळे मला न समजण्यासारखं त्यात काही नाही. खाली दोनच बटणं आहेत, 'हो' आणि 'नंतर', म्हणजे डाव तसाच ठेवून बंद. मी बोट ठेवण्याआधी दोन्ही शब्द मोठ्यानं वाचून दाखवतो. वहिनी खिडकीकडे पाहत सांगतात, आणि मी 'नंतर' दाबतो.